गरम झाला की बंद पडणारा जुना ग्रास कटर: वापरानंतरचा अनुभव

नाशिकजवळ मखमलाबादकडे आमची द्राक्षबाग आहे. बांधावरचं गवत आणि पावसाळ्यात माजणारं गाजर गवत काढायला हा ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ग्रास कटर वापरतो. मशीन जुनं पण दणकट. दुखणं एकच होतं: थंड असताना पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू व्हायचं, अर्धी ओळ कापून झाली की भुक्-भुक् करत बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू.

शहरातल्या एका दुकानात दाखवलं. "दादा, पिस्टन गेलाय, नवीनच घ्या." आता पिस्टन गेलेलं मशीन थंड असताना इतक्या सहज उठेल का? कॉम्प्रेशन तर दोरी ओढतानाच हाताला लागत होतं. म्हटलं, आपणच बघू.

सुरुवात फुकटच्या तपासणीपासून केली. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल केलं, तर सूऽऽ करून हवा आत गेली आणि लगेच मशीन चालू. म्हणजे झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं. पेट्रोल कमी होत जातं, त्या जागी हवा येत नाही, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि कारबुरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) उपाशी राहतो. भोक साफ केल्यावर बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. रेस दिली की अजून मिस मारायचं.

मग टाकीतला पाइप बाहेर ओढला. कडक झालेला, वाकवला की बारीक भेगा उघडत होत्या. त्यातून हवा ओढली जायची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप आणि टाकीतला फिल्टर बदलला, कारबुरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) ही ताठ झाला होता म्हणून त्याचं किट टाकलं. सायलेन्सरची जाळी काजळीनं गच्च होती, तीही घासली. हे सगळे पार्ट मिळून नव्या मशीनपुढे किरकोळ खर्च.

तुमचं झाकण उघडूनही गरम मशीन उठत नसेल, तर तेव्हाच प्लग काढून करंट बघा (पेट्रोलपासून लांब, प्लग सिलेंडरला टेकवून). गरममध्ये ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर प्लगला करंट देणारी कॉइल संशयित.

त्यानंतर आख्खा पावसाळा आणि गोडी छाटणीच्या (पावसाळ्यानंतर फळांसाठी होणारी छाटणी) आधीची साफसफाई यावरच झाली. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली टूटी (2T, टू-स्ट्रोकचं) ऑइल, आमच्या टाकीवर तसंच छापलंय. तुमच्यावर ५०:१ असेल तर तेच पाळा. मिश्रण आठवड्याच्या कामापुरतंच करतो आणि मशीन ठेवून द्यायचं असलं की टाकी रिकामी करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

तक्रार उरली ती खांद्याच्या पट्ट्याची. तासाभरात खांदा भरून येतो आणि हादऱ्यांनी हात झिणझिणतात. वडिलांच्या हातात हे मशीन मी देत नाही.