हाइव, प्रतिलिपी की स्वतःचा ब्लॉग? सोलापुरात बसून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तुलना

लिहून चार पैसे मिळवायचे ठरवलं की आधी एक गोष्ट बघावी: हे पैसे कोणाच्या खिशातून येणार आहेत? प्रतिलिपी या कथा वाचण्या-लिहिण्याच्या मंचावर ते मुख्यतः वाचकाच्या खिशातून येतात, ब्लॉगवर जाहिरातदाराच्या. हाइव आणि स्टीमिट या लेखनाच्या संकेतस्थळांवर मात्र ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेली व्यवहारांची वही) सतत नवी क्रिप्टो नाणी तयार करते आणि ती पोस्टला मिळालेल्या पसंतीच्या मतांच्या, म्हणजे व्होटच्या, वजनानुसार वाटली जातात. पुढच्या बहुतेक अडचणी या फरकातूनच येतात.

हाइव: आकडा दिसतो तेवढा मिळत नाही

स्टीमिट 2016 मध्ये सुरू झालं. 2020 मध्ये ती कंपनी क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी घेतली, तेव्हा नाराज मंडळींनी वेगळं होऊन त्याच वर्षी मार्चमध्ये हाइव उभं केलं. दोन्हींचा पाया एकच, म्हणून इथे हाइवचाच हिशोब मांडतो.

समजा, गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांवर आणि संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यावर तुम्ही फोटोंसह पोस्ट टाकली आणि तिच्याखाली 2 डॉलर दिसू लागले. पेआउट, म्हणजे कमाईचं वाटप, सात दिवसांनी होतो आणि त्यातले निम्मे व्होट देणाऱ्यांना जातात. उरलेल्या 1 डॉलरपैकी नेहमीच्या सेटिंगमध्ये अर्धा भाग एचबीडीत मिळतो, अर्धा हाइव पॉवरमध्ये. एचबीडी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं आहे, ते लगेच हलवता येतं. हाइव पॉवर म्हणजे खात्यात अडकवून ठेवलेली हाइव नाणी. ती सोडवायला घेतली की आठवड्याला एक असे 13 हप्ते लागतात. थोडक्यात, हातात आले 50 सेंट. एकूण आकडा 2 सेंटच्या खाली राहिला तर तोही मिळत नाही.

नवा लेखक सगळ्यात जास्त फसतो तो व्होटच्या बाबतीत. व्होटची किंमत देणाऱ्याच्या हाइव पॉवरवर ठरते. कॉलेजच्या ग्रुपमधल्या शंभर जणांना खाती काढायला लावून व्होट घेतले तरी बेरीज जवळपास शून्यच. मोठी पॉवर असलेल्या एकाच माणसाचा व्होट त्याच्या कितीतरी पट भरतो. असे लोक मराठी वाचत नाहीत. त्यामुळे मराठी मजकुरासोबत इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं, योग्य कम्युनिटी (विषयवार गट) निवडावी लागते आणि मुख्य म्हणजे रोज दुसऱ्यांच्या पोस्टवर नीट वाचून प्रतिक्रिया द्याव्या लागतात. ‘छान पोस्ट’ एवढंच लिहून कोणी ओळखत नाही. सुरुवातीला रिसोर्स क्रेडिट, म्हणजे लिहिण्या-व्होट करण्याचा खात्याचा कोटा, कमी असल्याने दोन-चार प्रतिक्रियांनंतरच खातं अडू शकतं. क्रेडिट पूर्ण भरायला पाच दिवस लागतात. कोणी थोडी पॉवर डेलिगेट केली, म्हणजे वापरायला उसनी दिली, तर हा अडथळा दूर होतो.

डाउनव्होटची, म्हणजे कमाई कमी करणाऱ्या नापसंतीच्या मताची, तयारी मनात आधीच ठेवा. उचललेला मजकूर, नेटवरचे फोटो, यंत्राकडून लिहून घेतलेले लेख इथे शोधले जातात आणि पेआउटच्या आधी कमाई शून्यावर येते. स्वतःच्या ब्लॉगवरचा जुना लेख पुन्हा टाकला तरी हीच वेळ येऊ शकते.

हाइव खात्याला वेगवेगळ्या कामांसाठी वेगळे पासवर्ड असतात, त्यांना ‘की’ म्हणतात: पोस्टिंग की रोजच्या वापराला, अॅक्टिव्ह की फक्त पैशांच्या व्यवहाराला. मास्टर पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर नवा काढून देणारं कोणतंही ऑफिस नाही.

शेवटचा टप्पा रुपयांचा. एचबीडी विकून हाइव नाणी घ्यायची, ती एक्सचेंजवर, म्हणजे नाणी विकून रुपये देणाऱ्या बाजारात, न्यायची आणि तिथून पैसे बँकेत. तुमच्या एक्सचेंजवर हाइव जमा करता येतं का आणि पैसे काढण्याची किमान मर्यादा किती, हे पहिली पोस्ट टाकण्याआधी बघा. अनोळखी माणसाला परस्पर नाणी विकू नका. त्याच्याकडून आलेला पैसा फसवणुकीचा निघाला तर पोलिसांच्या सूचनेवरून तुमचं बँक खातं गोठू शकतं. विक्रीच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आणि वर सेस लागतो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणून प्रत्येक पेआउटची तारीख आणि त्या दिवशीचा रुपयांतला भाव वहीत टिपून ठेवा.

प्रतिलिपी: मालिका लिहिणाऱ्यांचं घर

2014 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या या मंचावर मराठी वाचक आयताच आहे, हा मोठा फायदा. पैसे रुपयांत मिळतात, नाण्यांचे भाव बघत बसावं लागत नाही. पण इथे चालते ती भागांमध्ये पुढे सरकणारी कथा. भुईकोट किल्ल्यावरचा उत्तम माहितीपर लेख इथे कौतुक मिळवेल, पैसे नाही. तोच किल्ला एखाद्या रहस्यकथेत आणा आणि भाग ठरलेल्या दिवशी येऊ द्या, मग वाचक टिकतो. दोन आठवडे खंड पडला की वाचक दुसऱ्या मालिकेकडे वळतो आणि परत आणणं अवघड जातं. म्हणून पंधरा-वीस भाग हाताशी लिहून ठेवल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. ऑडिओ किंवा पुस्तकाच्या हक्कांचा करार समोर आला तर हक्क किती वर्षांसाठी जातात ते वाचूनच सही करा.

स्वतःचा ब्लॉग: उशिरा मिळतं, पण पुन्हा मिळतं

हाइववरच्या पोस्टला सात दिवसांनंतर कितीही व्होट पडले तरी लेखकाला काही मिळत नाही. ब्लॉगवरचा गड्डा यात्रेचा लेख दर जानेवारीत पुन्हा शोधला जातो. त्यासाठी तो नोव्हेंबरातच टाकावा, म्हणजे संक्रांतीपर्यंत गुगलच्या शोधात स्थिरावतो. ‘सोलापूरची माहिती’ असा मोघम विषय चालत नाही. ‘अस्सल सोलापुरी चादर कशी ओळखावी’, ‘गड्ड्याच्या दिवसांत गाडी कुठे लावावी’ असे नेमके प्रश्न घ्या.

मराठीला अॅडसेन्स (ब्लॉगवर जाहिराती लावणारी गुगलची सेवा) चालतं, मात्र जाहिरातीचा दर इंग्रजीपेक्षा बराच कमी. दहा-बारा त्रोटक लेखांवर अर्ज केला की ‘कमी मूल्याचा मजकूर’ म्हणून परत येतो. आधी वीस-पंचवीस भरीव लेख आणि संपर्क, गोपनीयता धोरण ही पानं तयार ठेवा. 10 डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो. पत्त्यात घर क्रमांक, पेठ, जवळची खूण आणि 413 ने सुरू होणारा पिनकोड नीट लिहा; सोलापुरात पेठेचं नाव राहिलं तर पाकीट हमखास भरकटतं. पैसे 100 डॉलर साठल्यावरच निघतात. त्यासाठी स्विफ्ट कोड (परदेशी पैसे घेण्यासाठीचा बँकेचा ओळख क्रमांक) असलेली बँक लागते. पतसंस्थेतलं खातं चालत नाही, आणि सहकारी बँकेत असेल तर परदेशी रक्कम घेता येते का ते आधी विचारा.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘जाहिरातीवर क्लिक करा’ असं कधीही लिहू नका. त्या एका मेसेजपायी अॅडसेन्स खातं कायमचं बंद होऊ शकतं.

कोणी काय निवडावं

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांनी प्रतिलिपी. शहर, शेती, खाणं, कारागिरी यांची माहिती देणाऱ्यांनी ब्लॉग, आणि पहिलं वर्ष पैशांवाचून काढायची तयारी. हाइव फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना फोटोंची आवड आहे, कामापुरतं इंग्रजी येतं आणि रोज अर्धा-पाऊण तास दुसऱ्यांचं वाचायला आवडतं. घरखर्च भागवण्यासाठी हाइवकडे वळणाऱ्यांना आमचा स्पष्ट नकार आहे.

दोन्हीकडे लिहायचंच असेल तर ब्लॉगवर पूर्ण लेख आणि हाइववर त्याच विषयाचे वेगळे फोटो, वेगळा मजकूर असं करा. तोच लेख दोन्हीकडे टाकला तर हाइवचं जुनं, मोठं संकेतस्थळ गुगलच्या शोधात तुमच्या ब्लॉगच्या वर येऊ शकतं आणि जाहिरातीचा वाचक तिकडे जातो.