लिब्रेऑफिसचा बीटा: कामाला नको, पण टाकून बघाच

लिब्रेऑफिस म्हणजे एमएस ऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर, त्याचं मोठं व्हर्जन वर्षातून दोनदा येतं, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, त्याच्या साधारण दीड-दोन महिने आधी बीटा, म्हणजे लोकांनी तपासून बघायचं कच्चं व्हर्जन, सुटतो आणि तो मी टाकतोच. सगळ्यात भारी म्हणजे हा तुमच्या चालू लिब्रेऑफिसला हात लावत नाही, लिब्रेऑफिसडेव्ह नावाने शेजारी वेगळा बसतो, सेटिंग पण वेगळी, नको झाला की उडवून टाका, विषय संपला.

नुसती नवी फीचर्स बघायची असतील तर थांबा की, फायनल येतंच आहे. खरी गंमत आपल्या मराठी फाइलींची आहे. रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, इंग्रजी आणि देवनागरीचा फॉन्ट, साइझ सगळं वेगवेगळं ठरतं. आता सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त घ्या, मजकूर मराठी, मधेमधे इंग्रजी नावं, खाली खर्चाचं टेबल, आणि मूळ फाइल कोणीतरी वर्डमध्ये केलेली, असली फाइल परदेशात बसलेल्या डेव्हलपरकडे असणार कुठून? म्हणून आपल्याच जुन्या फाइली बीटात उघडायच्या, पीडीएफ काढायची आणि जोडाक्षरं, ओळी, पानं आधीच्या व्हर्जनशी ताडून बघायची.

काही बिघडलेलं दिसलं तर हेल्प मेनूतून फीडबॅक पाठवता येतो, तिथून बगझिलाचा, म्हणजे बग (बिघाड) नोंदवायच्या साइटचा, रस्ता लागतो. इथे मात्र मी एक स्टार कापतो. अकाउंट काढा, इंग्रजीत लिहा, कंपोनंट (बिघाड प्रोग्रॅमच्या कुठल्या भागात आहे ते) निवडा, नवख्याला सरकारी अर्ज भरल्यासारखं वाटतं! तक्रार आधी 'अनकन्फर्म्ड' असते, दुसऱ्या कोणाला तेच दिसलं की 'न्यू' होते, माहिती अपुरी असेल तर 'नीडइन्फो' लागतं. "मराठी नीट दिसत नाही" एवढंच लिहिलंत तर हेच होणार. त्यापेक्षा "आधीच्या अमुक व्हर्जनमध्ये बरोबर होतं" हे आवर्जून लिहा, मग तो बग रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारं नंतर मोडलं, म्हणून धरला जातो, आणि त्यांच्याकडे जुन्या बिल्ड्सचा (वेळोवेळी तयार केलेल्या प्रोग्रॅमच्या प्रतींचा) साठा असतो, त्यात मधला बिल्ड तपासायचा, मग उरलेल्यातला मधला, असं करत नेमक्या कुठल्या बदलाने मोडलं ते शोधता येतं.

फाइल जोडताना जपून हां, तिथली अटॅचमेंट अख्ख्या जगाला दिसते. सभासदांची नावं, फोन, आधार नंबर काढून टाका, बिघाड कळेल एवढ्या दोन-चार ओळी पुरतात. आणि बीटात ओरिजिनल फाइल सेव्ह करायची नाही, काय ते प्रयोग कॉपीवर.

पाचपैकी चार स्टार.