चाकं बोटाने फिरत होती

मागच्या दिवाळीच्या आधी मी 18,500 रुपये मोजून रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं एक जुनं, वापरलेलं छोटं मॉडेल घेतलं. घरी आल्यावर कळलं की त्यात मोटरच नाही. बिघडलेली नाही, जळलेली नाही. मुळात बसवलेलीच नव्हती. हे सविस्तर लिहितोय, कारण तो माणूस अजून विकतोय आणि त्याने केलेली तयारी अशी आहे की या छंदात वर्षानुवर्षं असलेला माणूसही फसावा.

मी इंदूरचा, रामबागेतला. बाबा महूच्या मीटरगेज शेडमध्ये फिटर होते. सुटीत खंडव्याला मावशीकडे जायचो तेव्हा पातालपाणीला गाडी थांबायची, ब्रेक तपासून व्हायचे आणि मग घाट उतरायला सुरुवात. खाली कालाकुंडला पानात बांधलेला कलाकंद मिळायचा. परतीला 1:40 चा चढ. पुढे वायडीएम-4 हे मीटरगेजचं डिझेल, कधी मागून रेटायला आणखी एक, वर काळा धूर, आणि त्याच्या पोटातल्या, अल्को या अमेरिकन कंपनीच्या 251 इंजिनाचा तो अडखळत चालल्यासारखा ठेका. बाबा डोळे मिटून सांगायचे, कुठल्या सिलिंडरचं इंजेक्टर दमलंय ते. ही वायडीएम-4 आधी अमेरिकेतून आली, पुढे 1968 पासून वाराणसीला बनू लागली. आता त्या घाटात पातालपाणी ते कालाकुंड एवढीच हेरिटेज गाडी उरली, 2018 च्या डिसेंबरात सुरू झालेली.

गच्चीवरच्या खोलीत मी तोच घाट उभा केलाय. प्लायवूड, थर्माकोल, प्लास्टर, दोन बोगदे, आणि चढ हट्टाने 1:40 चाच. माझं सगळं एचओ मापात आहे, म्हणजे 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. या मापात मीटरगेज करायचं तर 12 मिलिमीटरचे रूळ लागतात आणि त्यावरची इंजिनं मिळवणं फार अवघड. म्हणून मी अमेरिकन अल्को जमवत गेलो. डबा वेगळा, रंग वेगळा, पण पोटातलं घराणं एकच. त्यातलं मला हवं होतं सेंच्युरी 628. सहा धुऱ्यांचं, 2750 अश्वशक्तीचं, 16 सिलिंडरचं 251. आपल्या ब्रॉडगेजवरच्या डब्ल्यूडीएम-2 मध्येही 16 सिलिंडरचंच 251 आहे, 2600 अश्वशक्तीचं. माझ्याकडची चार धुऱ्यांची इंजिनं सात डबे घेऊन त्या चढावर घसरत होती. सहाही धुऱ्यांना मोटरची ताकद मिळणारं जड इंजिन हवं होतं. मोटरचं हे महत्त्व आधीच सांगून ठेवतो. मला शोकेसमध्ये ठेवायला काही नको होतं, ओढायला हवं होतं.

या माणसाचा नंबर एका परिचिताने दिला. नाव-गाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पहिल्याच फोनवर शुद्ध मराठीत बोलला. ‘काका, इंदूरला आमची आत्या होती, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस अजून आठवतो.’ सासऱ्यांचा संग्रह आहे, ते गेले, सासूबाईंना घर रिकामं करायचंय, भंगारात द्यायला जीव होत नाही. बोलता बोलता म्हणाला, ‘तुमच्यासारख्यांकडे गेलं तर त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल.’ इंदुरात राहून परगावच्या माणसाचं असं मराठी कानावर पडलं की आपण मनाने अर्धं अंतर आधीच चालून जातो. मी गेलो.

तरी मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत, हे महत्त्वाचं आहे. तीन गोष्टी मागितल्या. पहिली, चालतानाचा व्हिडिओ. दुसरी, खोक्यावरच्या लेबलचा फोटो. तिसरी, वजन, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून. मोटर, दोन पितळी फ्लायव्हील आणि धातूची चेसिस असलं की सहा धुऱ्यांचं इंजिन चांगलं जड लागतं, पोकळ असेल तर वजनातच कळतं. तिन्ही गोष्टी संध्याकाळपर्यंत आल्या. काट्यावर 482 ग्रॅम. व्हिडिओत इंजिन वळणावरून समोर येतंय, हेडलाइट लागलेले, अल्कोचा आवाज येतोय, मागे त्याच घराण्यातलं दुसरं इंजिन जोडलेलं. नवीन असंच इंजिन साउंड डिकोडरसकट, म्हणजे मोटर आणि आवाज सांभाळणाऱ्या चिपसकट, बाहेरून मागवलं तर ड्यूटी धरून पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं. मी 18,500 ला हो म्हटलं आणि पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवली.

पार्सल सहा दिवसांत आलं. नातू शेजारी बसला होता, त्याच्याच हाताने खोकं उघडायला लावलं. इंजिन देखणं होतं. जवळजवळ 24 सेंटीमीटर लांब, कठडे अखंड, पंख्याच्या जाळ्या कोरीव. रुळावर ठेवलं, 12 व्होल्ट दिले. काही नाही. मग डीसीसीच्या, म्हणजे डिजिटल कंट्रोलच्या, प्रोग्रॅमिंग रुळावर ठेवलं. तिथे कंट्रोलर डिकोडरला प्रश्न विचारतो आणि डिकोडर मोटरला क्षणभर धक्का देऊन, म्हणजे करंट ओढून, उत्तर देतो. उत्तर आलं नाही. पडद्यावर ‘इंजिन नाही’ एवढंच.

वाटलं प्रवासात एखादी वायर सुटली असेल. उचललं आणि सवयीने उलटं केलं. तेव्हा माझ्या अंगठ्याखाली चाकं गरगर फिरली.

ज्यांनी मॉडेल इंजिन कधी हातात घेतलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखा आटे असलेला वर्म असतो, त्याच्या खाली दातेरी चाक, तिथून गिअर थेट धुरीपर्यंत. मोटर चाकं फिरवू शकते, पण या रचनेत चाकं सहसा मोटर फिरवू शकत नाहीत. म्हणून चालतं इंजिन बोटाने ढकललं तर ते खेळण्यातल्या मोटारीसारखं पळत नाही. चाकं अडकलेली राहतात आणि इंजिन रुळावर घासत सरकतं. हे फिरत होतं, अगदी तेल घातल्यासारखं.

वरचं कवच काढलं. आत मोटर नाही, वर्म नाही, चाकांच्या चौकटीत, म्हणजे बोगीत, एकही गिअर नाही. चाकांवरून वीज घ्यायच्या पितळी पट्ट्यासुद्धा नाहीत. जिथे मोटर असायला हवी तिथे करड्या रंगाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या. पहिल्यांदा कळेना हे काय. मग एकीवर उठवलेला आकडा दिसला, 10, आणि शेजारी 5. टायरवाला अलॉय व्हीलचं बॅलन्सिंग करताना रिमच्या आतून चिकटवतो ती वजनं. एकेक सोडवून काट्यावर ठेवली, 260 ग्रॅम भरली. पुढच्या केबिनमध्ये दुहेरी टेपने बसवलेला बटणाएवढा सेल, दोन एलईडी, आणि इंधन टाकीच्या खाली दडवलेला नखाएवढा स्विच. मी वजन मागणार, मी दिवे बघणार, हे त्याला आधीच माहीत होतं. सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

याला डमी म्हणतात आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांची यात काही चूक नाही. अमेरिकेत जड मालगाडीला तीन-चार डिझेल एकत्र जोडून चालवतात. मॉडेलमध्ये सगळ्यांनाच मोटर कशाला, म्हणून एक चालतं इंजिन आणि एक बिनमोटरचं अशी जोडी स्वस्तात मिळावी या हेतूने डमी उघडपणे, तसं लिहून विकली जातात. त्यांचा कॅटलॉग नंबर वेगळा असतो. खोक्याच्या टोकाचं लेबल मी नंतर बायकोच्या हेअर ड्रायरने गरम करून उचकटलं. वरचं लेबल घरच्या प्रिंटरवरचं होतं. त्याच्या खाली मूळ लेबल, आणि त्यावर ‘अनपॉवर्ड’ स्पष्ट छापलेलं.

मग तो व्हिडिओ मी पुन्हा बघितला, तीसेक वेळा. मागचं इंजिन ढकलत होतं. आवाजही त्याचाच. दोन इंजिनं जोडलेली बघून आपल्यासारख्याला संशय येत नाही, उलट बरं वाटतं, कारण खऱ्या रेल्वेत तसंच असतं. आणि अगदी सुरुवातीच्या दोन सेकंदांत त्याने इंजिन रुळावर ठेवून बोटाने मागच्या इंजिनाला लावलं होतं. चाकं तेव्हाही फिरत होती. माझ्या डोळ्यांसमोर होती. मी घाटात त्या इंजिनामागे नऊ डबे चढताना बघत होतो, चाकं बघत नव्हतो.

फोन केला. आधी म्हणाला, ‘काका, प्रवासात काहीतरी तुटलं असेल.’ मी म्हटलं, तुटलेली मोटर खोक्यात सापडली असती. मग सूर बदलला. ‘तुमच्याकडे जुनं डमी असणार, तुम्हीच आतलं काढून घेतलं आणि आता मला पैसे मागताय.’ आमच्या घरात कुणी कुणाला असं बोललेलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

मुलगा पुण्याहून म्हणाला होता, बाबा, पार्सल उघडताना सीलपासून व्हिडिओ काढा. नातवाच्या आनंदात ते राहिलं, आणि नेमकं तेच मला नडलं. मी अदलाबदल केली नाही हे दाखवायला माझ्याकडे चिकटपट्टीसकट खोकं, तो व्हिडिओ आणि चॅट एवढंच आहे. चॅटमध्ये एका ठिकाणी त्याने ‘मोटर एकदम स्मूथ’ असं लिहिलंय, ते वाक्य कामाला आलं. बाकी सगळी गोड बोलणी फोनवर झाली, त्यांचा काहीच पुरावा नाही. म्हणून विकणारा कितीही आपला वाटला तरी मोटर, डिकोडर, गिअर याबद्दल लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी चौथ्या दिवशी फोन केला, कारण तीन दिवस तो परत देईल या आशेवर गेले. हे करू नका. तक्रार काही तासांत गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी समोरच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे निघून गेले होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाकली. ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला, ‘सामान तो मिला ना आपको?’ वस्तू आली म्हणजे फसवणूक नाही, देण्याघेण्याचा वाद आहे, असा समज. मी लेबलचे दोन्ही थर, वजनाच्या पट्ट्या आणि सेल टेबलावर मांडले. वजन मुद्दाम भरलंय आणि खरं लेबल झाकलंय, म्हणजे हेतू सुरुवातीपासूनचा, हे तिथल्या हवालदाराला त्या पट्ट्या हातात घेतल्यावर पटलं. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, जुनं 420 नव्हे. अर्जात तेच लिहा. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता मी जुनं इंजिन घेताना एकच व्हिडिओ मागतो. इंजिन एकटं, पुढे-मागे काही जोडलेलं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चौकटीत पूर्ण, पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवलेलं. मग त्याच सलग व्हिडिओत ते उचलून उलटं करायचं आणि अंगठ्याने चाकं फिरवून दाखवायची. मध्ये कट नको. कागदावर त्या दिवसाची तारीख आणि माझं नाव लिहून रुळाशेजारी ठेवायला सांगतो. खरा विकणारा याने चिडत नाही. दोघांनी तर कवचही उघडून दाखवलं. पूर्ण रक्कम आधी देणं बंद केलंय. जमलं तर त्या गावातल्या कुणालातरी जाऊन बघायला सांगतो.

जानेवारीत देवासच्या एका कॉलेजच्या मुलाचा फोन आला. त्याच परिचिताकडून माझा नंबर मिळाला होता. त्याला सेंच्युरी 628 मिळत होतं, रंग वेगळा, नाव वेगळं, सासऱ्यांच्या जागी मामा, पण खात्याचे शेवटचे चार आकडे तेच. मी त्याला म्हटलं, काहीही बोलू नकोस, फक्त इंजिन काचेवर ठेवून बोटाने ढकलून दाखवा म्हणावं. दोन दिवसांनी व्हिडिओ आला. इंजिन काचेवरून झोकात पळालं आणि मागून तोच ओळखीचा आवाज, ‘बघ, किती फ्री आहे!’

मुलाने पैसे पाठवले नाहीत. त्याच्या परवानगीने तो व्हिडिओ मी माझ्या तक्रारीला जोडलाय.