सरकारी इन्क्युबेटर : ब्रोशर नंतर, आधी लॅबचं रजिस्टर बघा

सरकारी पाठबळाच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, लॅब आणि पैसा मिळवून देणाऱ्या केंद्रात, जावं का, असं विचारणारे मेसेज हल्ली सारखे येतात. आम्हाला तिथे वर्ष उलटून गेलं, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते. केंद्राचं नाव घेणार नाही. तक्रारी भरपूर आहेत आणि आमची फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

आम्ही बेदाण्यातला ओलावा मोजणारं हातात मावेल असं यंत्र बनवतो. तासगाव-सांगलीकडच्या सौद्यात आजही व्यापारी मूठभर बेदाणा घेतो, बोटांनी दाबतो आणि भाव बोलतो. शेतकऱ्याकडे त्याला उत्तर द्यायला काही नसतं. ते दाबणं आकड्यात आणायचं, एवढाच आमचा उद्योग.

सुरुवातीला एक घोळ निस्तरते, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. इमारत एक असली तरी आत योजना वेगवेगळ्या खात्यांच्या असतात आणि प्रत्येकीचे नियम निराळे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली अटल इन्क्युबेशन सेंटरला ५ वर्षांत १० कोटींपर्यंत अनुदान मिळतं. ते केंद्र उभं करायला आणि चालवायला असतं, तुमच्या कंपनीला नव्हे. स्टार्टअप इंडिया सीड फंड ही २०२१ साली आलेली योजना ९४५ कोटींची. त्यातून एका इन्क्युबेटरला जास्तीत जास्त ५ कोटी आणि त्या पैशांसाठी तो इन्क्युबेटर स्टार्टअप निवडतो. स्टार्टअपला प्रोटोटाइप (यंत्राचा पहिला चालता नमुना) आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत. पण हे ५० लाख अनुदान नसतं. ते कर्ज म्हणून किंवा पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या डिबेंचरच्या (कर्जरोख्याच्या) रूपात येतं. ‘सरकार ७० लाख देतं’ असं छातीठोक सांगणारा कोणी भेटला, तर त्याने दोन्ही आकड्यांची नुसती बेरीज केलेली आहे असं समजा.

आता लॅब. माझ्या मते आत जाण्याचं खरं कारण तेच आहे.

यंत्र बरोबर सांगतंय की नाही हे ताडून बघायला खात्रीचा आकडा लागतो. बेदाण्यात साखर भरपूर असते. साध्या ओव्हनमध्ये जास्त तापमानाला सुकवलात तर पाण्याबरोबर साखरही जळू लागते, वजन नको तितकं घटतं आणि ओलावा आहे त्यापेक्षा जास्त निघतो. म्हणून व्हॅक्युम ओव्हन लागतो. हवा काढून घेतलेली असली की ७० अंशांना काम भागतं. त्याच्या जोडीला मिलिग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा तराजू आणि डेसिकेटर, म्हणजे सुकवलेला नमुना हवेतला ओलावा न लागता थंड करायचं बंद भांडं. हे सगळं विकत घ्यायचं म्हटलं असतं तर कंपनी तिथेच आटोपली असती. केंद्र ज्या कॉलेजच्या आवारात आहे, तिथल्या अन्नतंत्रज्ञानाच्या लॅबमध्ये हे सगळं होतं. सर्किट बोर्डातले विजेचे संकेत तपासायला ऑसिलोस्कोप होता आणि यंत्राचं कवच छापायला थ्रीडी प्रिंटरसुद्धा.

मात्र ‘लॅब आहे’ आणि ‘लॅब मिळते’ यात फार अंतर आहे. परीक्षांच्या काळात ओव्हन विद्यार्थ्यांचा. सुट्टीत कुलूप. किल्ली लॅब सांभाळणाऱ्या मामांकडे, आणि मामा रजेवर गेले की किल्लीही रजेवर. पहिल्यांदा ओव्हन मागायला गेले तेव्हा मामा म्हणाले, “ताई, सरांची सही आणा, रजिस्टरात नाव घाला, आणि नमुना ठेवून घरी जायचं नाही बरं का, मागच्या खेपेला एकांनी ट्रे तसाच सोडला.” ते रजिस्टर मी चाळलं. बाहेरच्या स्टार्टअपच्या नोंदी आठवड्यातून दोन-चारदा तरी होत्या, म्हणजे ओव्हन बाहेरच्यांना खरंच मिळत होता. दुसऱ्या एका केंद्रात आम्हाला चकचकीत सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं कापकामाचं यंत्र) दाखवलं होतं, पण त्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. त्यामुळे भेटीला जाल तेव्हा रजिस्टर मागा. देत नसतील तर तेही उत्तरच झालं.

पैशाबद्दल बोलायचं तर पैसा येतो, पण त्याच्या वेळेला येतो, तुमच्या नाही. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं. ठरलेला टप्पा गाठा, हिशेब द्या, मग पुढचा हप्ता. आम्ही हिशेब वेळेत दिला, सीएची सहीही होती. पण केंद्रालाही वरून पुढचे पैसे मिळायला आधीचे पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ज्याला सगळे नुसतं ‘यूसी’ म्हणतात. त्यात आमच्यासारख्या सगळ्या कंपन्यांचा हिशेब एकत्र जातो. एका कोणाची बिलं अडकली आणि सगळी गाडी थांबली. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. हप्ता खात्यात आला जूनमध्ये, तेव्हा बेदाणा सुकवायच्या शेडमधले रॅक रिकामे होते. मधल्या काळात केलेला खर्च आमच्या करारानुसार अनुदानात धरला जात नाही, त्यामुळे तेवढा हंगाम आम्ही पदरमोड करून आणि नातेवाइकांकडून उसने घेऊन काढला. शेतीशी संबंधित काही करत असाल तर हंगामाच्या आधी हप्ता हातात पडेल या भरवशावर काहीही आखू नका.

म्हणून माझा आग्रह आहे की केंद्राच्या सीईओला भेटण्याआधी तिथल्या अकाउंटंटला भेटा. आमच्याकडचे अकाउंटंट काका या सगळ्यातले एकमेव माणूस, ज्यांना कुठलं बिल कुठल्या शीर्षाखाली बसतं, किती रकमेच्या पुढे तीन कोटेशन लागतात, हे कागद न बघता येतं. ते रजेवर असले की केंद्र जवळपास बंद असतं. सीईओ बदलून दुसरे आले, तरी आमच्या रोजच्या कामात काडीचा फरक पडला नाही.

मेंटॉरिंगवर, म्हणजे अनुभवी लोकांच्या मार्गदर्शनावर, फार शाई खर्च करत नाही. यादीत नावं शंभराच्या आसपास, उपयोगी पडले दोन. बाकी सत्रांमध्ये ‘तुमचा मार्केट साइझ किती’ हा प्रश्न नव्या स्लाइडवर येत राहतो. त्या दोघांपैकी एक जण निवृत्त गुणवत्ता अधिकारी. त्यांनी आमचं यंत्र हातात घेतलं आणि पहिलंच विचारलं, “उन्हात ठेवून बघितलं का?” नव्हतं बघितलं कोणी. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी यंत्र वेगळंच बोलतं हे त्या एका प्रश्नामुळे कळलं, आणि आत तापमानाची दुरुस्ती बसवावी लागली. असा एक माणूस मिळाला तर बाकीची यादी माफ.

कागदी मदत मात्र चोख होती. डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) स्टार्टअप मान्यता फुकट मिळते आणि ऑनलाइन मिळते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका, इन्क्युबेटरचीही गरज नाही. पण मान्यता असली की पेटंट अर्जाच्या शुल्कात ८० टक्के सूट मिळते, आणि अर्ज तयार करणाऱ्या फॅसिलिटेटरची फी सरकार भरतं. आमच्या केंद्राने योग्य माणूस गाठून दिला, नाहीतर आम्ही ही सवलत सोडूनच दिली असती. सरकारी खरेदीत अनुभव आणि उलाढालीच्या अटीत सवलत मिळते हेही तिथेच समजलं. महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे. राज्याची इनोव्हेशन सोसायटी ‘स्टार्टअप वीक’ घेते आणि विजेत्यांना सरकारी कामाची ऑर्डर देते. छोट्या कंपनीला सरकारी ग्राहक मिळणं अनुदानापेक्षा मोठं असतं असं माझं ठाम मत आहे. अनुदान कोणालाही दाखवता येत नाही, वर्क ऑर्डर बँकेतही दाखवता येते.

एक बारीक नियम मुद्दाम सांगते, कारण आमच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा त्यातच अडकला. सीड फंडासाठी कंपनीची नोंदणी २ वर्षांच्या आतली हवी, आणि इतर केंद्रीय वा राज्य योजनांमधून १० लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी. स्पर्धेतली बक्षिसं, सवलतीची जागा, लॅबचा वापर, फाउंडरला मिळणारा मासिक भत्ता हे यात धरत नाहीत. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी-प्रयास’मधून प्रोटोटाइपसाठी मिळणारी रक्कम १० लाखांपर्यंत असते, म्हणजे ती पूर्ण घेतली तर तुम्ही रेघेवर उभे राहता, आणि वर छोटीशी दुसरी ग्रँट घेतली की रेघेपलीकडे. त्या मुलाने नेमकं तेच केलं होतं आणि कोणी हटकलं नाही. कुठलं अनुदान आधी आणि कुठलं नंतर, हा क्रम कागदावर मांडूनच अर्ज करा. सीड फंडाला एका वेळी तीन इन्क्युबेटरपर्यंत पसंतीक्रमाने अर्ज करता येतो; आणि तिथे जाऊन बसायची सक्ती त्या योजनेत नाही, हे केंद्रवाले आपणहून सांगत नाहीत. योजना सध्या अर्ज घेतेय का, हे आधी पोर्टलवर बघा.

इक्विटीचा, म्हणजे कंपनीतल्या हिश्शाचा, विषय आलाच. आमच्याकडे करारात हिस्सा मागितला होता, बोलून तो थोडा खाली आणला. तिथे लाज बाळगू नका, सगळेच बोलतात. मी जास्त भांडले ते दुसऱ्या कलमावरून: कंपनी केंद्र सोडून गेली तर हिस्सा कोणत्या किमतीला परत घेता येईल, आणि नवीन गुंतवणूकदार आल्यावर केंद्राची सही किती दिवसांत मिळेल. पहिल्याची भाषा त्यांनी बदलून दिली. दुसऱ्यावर ‘बोर्डापुढे ठेवू’ म्हणाले, तो बोर्ड अजून बसायचाय.

बसायच्या जागेचं काय? एसी आहे, इंटरनेट आहे, दुपारी चहा येतो. नोकरी सोडून घरखर्चाची सोय न करता इथे येणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. भत्त्याच्या योजना आहेत, ‘निधी’खालीच महिना ३० हजारांपर्यंतची एक आहे, पण जागा थोड्या आणि निवड सावकाश. नुसतं ॲप बनवत असाल तरी इथे मिळण्यासारखं फारसं काही नाही. वायफाय घरीही असतंच. ज्यांना काहीतरी तापवायचं, वितळवायचं, मोजायचं, कापायचं आहे त्यांनी जावं.

आम्ही मुदत आणखी एका वर्षासाठी वाढवून घेतली. टेबल-खुर्च्या परत केल्या, तेवढं भाडं वाचलं, आणि करारात फक्त लॅबचा वापर ठेवला. डिसेंबरमध्येच मामांच्या रजिस्टरात पुढच्या हंगामाच्या तारखा घालून आले आहे.