पोसायडनच्या मूर्तीचा संच: मूर्ती देखणी, त्रिशूळ कच्चा

शाळेच्या वाचनकोपऱ्यात किंवा इतिहासाच्या तासाला ठेवायला ग्रीक समुद्रदेवाचा हा रेझिनचा संच घेण्यासारखा आहे. पण खोकं उघडलं की लगेच चिकटवायला बसू नका. सहा भाग निघतात: धड, दोन हात, त्रिशूळ, घोडा आणि लाटांचा चौथरा. जुळवल्यावर उंची 11 इंच भरते.

आधी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल अंगावर राहिलं तर रंगाचे पोपडे निघतात. जोड 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि एकदा कोरडेच बसवून पाहा. उजव्या हाताची खुंटी जाड आहे. दाबून बसवली तर खांद्याला चीर जाते, म्हणून खुंटीच घासून बारीक करा. इपॉक्सी या दोन भागांच्या गोंदाच्या दोन्ही नळ्यांतला माल सारखाच घ्या, कमीजास्त झाला की जोड चिकट राहतो. नंतर 24 तास हात लावू नका.

खरी अडचण त्रिशुळाची. दांडा फारच बारीक. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर चढतो, टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. तिथे रेझिन मऊ पडतं आणि दांडा वाकतो. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणाऱ्या सुताराकडून सागाची काडी तासून घ्या, टोकं मूळचीच लावा. त्रिशूळ म्हटलं की आपल्याला महादेवच आठवतो, पण पोसायडनचा त्रिशूळ म्हणजे कोळ्याचा मासा टोचायचा भाला.

समुद्रदेवाला घोडा कशाला, म्हणून तो भाग बाजूला ठेवू नका. पोसायडन घोड्यांचा देव, ‘हिप्पिओस’ हे त्याचं बिरुद त्यावरूनच. भूकंपही त्याचाच, ग्रीक महाकवी होमर त्याला धरणी हलवणारा म्हणतो. इसवी सनपूर्व 373 मध्ये भूकंप आणि लाटेने ग्रीसमधलं हेलिकी शहर बुडालं, तेव्हा लोकांनी तो त्याचाच कोप मानला. माहितीपत्रकात यातलं काहीच नाही, ही मोठी उणीव.

शिवाय मूर्तीचा नमुना म्हणून त्यात ग्रीसमधल्या आर्टेमिसियन भूशिराजवळच्या समुद्रात सापडलेल्या कांस्यमूर्तीचा फोटो आहे, खाली बेधडक ‘पोसायडन’. अथेन्सच्या संग्रहालयातल्या त्या 2.09 मीटरच्या मूर्तीच्या हातातलं शस्त्र हरवलेलं आहे आणि बरेच अभ्यासक तिला वज्र फेकणारा देवांचा राजा झ्यूस मानतात. मुलांच्या हाती पत्रक देण्याआधी त्या ओळीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवा.