टिपाड, जस्ती टाकी की हौद? जनावरांच्या पाण्याचा हिशोब

उन्हाळा लागला की बाजारात उभी कापलेली टिपाडं, म्हणजे पत्र्याची जुनी पिंपं, दिसायला लागतात. आमच्याकडेही एक आलं होतं. बाहेरून निळं; आधी त्यात काय होतं ते विकणाऱ्यालाही सांगता येईना. पंधरा दिवसांत वासराला सुटलेल्या रंगाचे पापुद्रे चाटायची खोड लागली. जिभेवर निळा कण दिसला तसं मी ते टिपाड उकिरड्याकडं लोटलं.

माझा खरा आक्षेप टिपाडालाच आहे. तणनाशकाचं किंवा कीटकनाशकाचं असेल तर कितीही घासा, भरवसा नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते पोटात गेलं की वासरू दात खातं, आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. नुसता गंज मात्र विष नाही. चव बिघडते, जनावर तोंड फिरवतं, पाणी कमी पितं आणि दूध उतरतं.

जस्ती पत्र्याच्या टाकीला लोक उगाच भितात. आपल्या बोअरचं पाणी जड, क्षाराचं. आत पांढरा थर धरतो, तो उलट पत्र्याला राखतो. साध्या पाण्याला ही टाकी चालते, आंबटाला नाही. ताक, चिंचेचं पाणी, आंबलेलं आंबोण (भिजवलेलं खाद्य) त्यात ठेवलं की जस्त सुटतं. मोरचूदही, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, त्यात कालवू नये. मोसंबीवाल्यांना हे सांगायला नको, मोरचूद-चुन्याचं फवारणीचं बोर्डो मिश्रण ते लोखंडी भांड्यात करतच नाहीत.

मेंढ्या असतील तर तांब्या-पितळेचं भांडं नकोच. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन ती आडवी पडते. गाय त्या मानानं बरंच सोसते. स्टेनलेस स्टील सगळ्यात निर्धोक, पण किंमत ऐकून आपण पुढं सरकतो.

सिमेंटच्या हौदात पाणी मे महिन्यातही पत्र्याइतकं तापत नाही. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत हे लहान नाही. तापलेल्या पाण्याला म्हैस तोंड लावते आणि मागं सरते. आतून चुना मारला की शेवाळ कमी धरतं. नवा हौद मात्र काही दिवस भरून ठेवून ते पाणी टाकून द्यायचं, मगच जनावर सोडायचं. अडचण एकच, तो उचलता येत नाही. चारा छावणीला जायची वेळ आली तर हौद मागंच राहतो.

दोन-तीन गाई असतील तर मी जस्ती टाकीच घेईन आणि कडुलिंबाच्या सावलीत ठेवीन. दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज लागतं, त्या अंदाजानं माप धरा. आठ-दहा जनावरं एका जागी असतील तर हौद बांधा. धनगराला, रोज मुक्काम हलवणाऱ्याला, हलका प्लास्टिकचा टब सोयीचा.

पत्र्याची टाकी घेताना काठावरून बोट फिरवून बघा. काठ आत वळवलेला नसेल तर शेळीचा ओठ चिरतो.