एलएफपी की एनएमसी?

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीवरून आमच्या रामबागेत दोन तट पडलेत. एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट. तेवढ्याच वजनात जास्त पल्ला. बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर चार्जिंगला न्यायची असेल, तर हा फरक हाताला लगेच कळतो.

तरी माझं मत एलएफपीलाच. लोह नि फॉस्फेटची ही बॅटरी जड आहे खरी, पण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे तापली तरी सहजासहजी पेट घेत नाही. चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त झेलते. मे महिन्यात इंदूरचा पारा ४०च्या वर जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी. तिथे पल्ला थोडा कमी मिळाला तर काय बिघडलं? राजवाड्याला जाऊन यायला पुरतो. शिवाय कोबाल्ट लागत नाही. काँगोच्या कोबाल्टच्या खाणींत लहान मुलं राबतात, हे वाचून जीव कळवळतो.